कण्हेरीपासून विहिरीपर्यंत

पहाटे ५.००

सप्टेंबरचा मधला आठवडा, उत्तरा नक्षत्र, आणि आज जायचंय भोरच्या पुढं, नीरा-देवघर धरणाच्या अंगाला. तिकडं हवाच इतकी ओली असते की झेरॉक्सचा कागद तासाभरात सादळतो. मग पेन्सिल चालत नाही, रुतते. म्हणून पिशवीत कार्ट्रिज पेपर, तोही अर्धा कापलेला. शिक्षकांपुढं मोठा कोरा कागद ठेवला की ते अंग चोरून बसतात. अर्ध्या कागदावर हात लवकर मोकळा होतो. शिवाय खोक्यांच्या पुठ्ठ्याचे पॅड, कपडे वाळत घालायचे चिमटे, २बी पेन्सिली, थोडी बॉलपेनं (दमट कागदावर शेवटपर्यंत साथ देतात ती तीच), दहापट मोठं दाखवणारी दोन-चार भिंगं आणि सुतळीचा गुंडा.

खोडरबर नेत नाही. कोणाकडं असला तर सकाळीच मागून घेते. रेघ पुसण्यात माणूस गुंतला की डोळे कागदावर खिळतात, आणि माझं सगळं काम ते कागदावरून उचलून समोरच्या पानावर न्यायचं. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी काढावी. दोन्ही राहू द्याव्यात.

मी मूळची चित्रकलेची शिक्षिका. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांकडून तांब्या, कांदे आणि निळ्या कापडाच्या चुण्या पुष्कळ घोटून घेतल्या. आता शिक्षकांसाठी निसर्गनोंदवहीच्या कार्यशाळा घेते. दिसलं ते काढायचं, मोजायचं, लिहायचं आणि पडलेला प्रश्न त्याच पानावर टिपायचा, एवढीच ती वही. तिथं चित्र देखणं येण्याची गरज नसते. हे शिक्षकांना पटायला अर्धा दिवस जातो.

सकाळी ६.१५

स्वारगेटहून भोरची एसटी. कात्रजचा बोगदा ओलांडला की खिडकीबाहेर धुकं, म्हणून एसटीतला वेळ माझ्या स्वतःच्या वहीचा. काल घराच्या गच्चीवर सापडलेला चतुराचा पंख डबीत घालून आणला होता, त्यातली शिरांची जाळी काढत बसले. शेजारच्या आजींनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "परीक्षा हाय का?" कापूरहोळला चहा मिळाला.

सकाळी ८.४५

भोर स्टँडवरून एका गुरुजींनी मोटारसायकलवर शाळेत आणलं. सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. आज तिथं केंद्राची शिक्षण परिषद. शिक्षक दहाला यायचे. मधला सव्वा तास मला एकटीला हवा असतो, कारण अनोळखी आवारात तीसेक माणसं नेऊन "निसर्ग पाहा" म्हटलं की कोणीच काही पाहत नाही. आधी जागा हेराव्या लागतात.

तीन मिळाल्या. शाळेच्या मागं कण्हेरीचं कुंपण, त्यातली बरीच पानं कुरतडलेली. म्हणजे कोणीतरी आत आहे. मुतारीच्या बाजूची शेवाळलेली भिंत. ती पाऊस आलाच तर पागोळीखालून काढता येईल. आणि शाळेपासून पाच मिनिटांवर भाताच्या खाचरांमध्ये एक विहीर, तिच्यावर झुकलेली बाभूळ आणि बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे.

विहिरीला कठडा नव्हता. अशी जागा सोडून द्यावी, असं कोणी म्हणेल. मी सोडत नाही, पण काठापासून पाच-सहा पावलांवर सुतळी बांधते आणि तिच्या पलीकडं कोणीही जायचं नाही, गुरुजीसुद्धा नाही. मुलांना तर मी त्या बाजूला नेणारच नव्हते. कण्हेरीचीही एक सूचना असते: झाड विषारी आहे, चीक हाताला लागला तर साबणाने धुवायचा आणि पान तोडून तोंडात धरायची सवय आज बाजूला ठेवायची. आग्या मोहोळ कुठं आहे का तेही बघून ठेवलं. नव्हतं.

सकाळी १०.००

म्हणजे पावणेअकरा. हजेरीपत्रक, परिपाठ, प्रास्ताविक, आणि माझा सत्कार: शाल, नारळ, गुलाबाचं फूल. सत्काराचे फोटो पाच मोबाइलवर निघाले. केंद्रप्रमुख साहेबांनी प्रोजेक्टर मागवून ठेवला होता. मी नको म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण ऑपरेटर खूश झाला.

पहिलं काम दिलं: "फाटकाशी जे झाड आहे ते इथं बसून, न बघता काढा." सगळे त्याच झाडाखाली गाड्या लावून आले होते. पाच मिनिटांनी कागद जमिनीवर मांडले. तीस झाडं, आणि जवळपास सगळ्यांचा बुंधा म्हणजे दोन उभ्या रेघा, वर ढगासारखा फुगा. तीन-चार झाडांना लाल गोल फळं. एका झाडामागं दोन डोंगर आणि त्यांच्या मधून उगवणारा सूर्य. फाटकाशी आहे ती चिंच. तिचं बारीक, जोडीजोडीनं लागलेलं पान एकाच कागदावर होतं. तो कागद त्या शाळेतल्याच एका बाईंचा. त्या म्हणाल्या, "रोज झाडून काढायला लागतो ना पाला."

मग हात. आपला डावा हात समोर धरायचा, नजर त्याच्या कडेवरून मुंगीच्या गतीनं फिरवायची, पेन्सिल तेवढ्याच गतीनं कागदावर, आणि कागदाकडं अजिबात बघायचं नाही. कागदावर जे उमटतं त्याला हात म्हणवत नाही. खोली हसण्यानं भरली. "मला चित्र काढता येत नाही" हे वाक्य सकाळपासून मी कितीदा ऐकलं होतं. आता कोणालाच येत नव्हतं, त्यामुळं त्या वाक्याचा जोर गेला.

सकाळी ११.३०

कण्हेरीपाशी. कागदाच्या कोपऱ्यात आधी तारीख, वेळ, ठिकाण, हवामान. एका वयस्क गुरुजींनी हवामानापुढं "उत्तरा" लिहून कंसात नक्षत्राचं वाहनही लिहिलं. मला ते फार आवडलं. 'ढगाळ' या शब्दापेक्षा त्यातून शेतकऱ्याला जास्त कळतं.

पानावर तीन वाक्यांची सुरुवात लिहून घेते: मला दिसतं, मला प्रश्न पडतो, मला आठवतं. हे माझं नाही. कॅलिफोर्नियातले चित्रकार-निसर्गअभ्यासक जॉन म्यूर लॉज यांनी ही त्रिसूत्री रूढ केली. एमिली लायग्रेन यांच्याबरोबर त्यांनी शिक्षकांसाठी लिहिलेलं पुस्तक २०२० साली आलं. आपल्या शाळांत मला त्यातलं तिसरं वाक्य सर्वांत उपयोगी पडतं. 'मला आठवतं' म्हटलं की ग्रामीण शिक्षकाजवळचा सगळा साठा बाहेर येतो: कोणत्या झाडाचा पाला म्हशीला चालतो, कोणत्या लाकडाची नांगराची इसाड करतात. पुस्तकी वाक्यं आपोआप मागं पडतात.

कुरतडलेल्या पानांखाली अळ्या सापडल्या. काळपट आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्या, कुशीवर नारिंगी रेघ, आणि अंगावर मऊ शिंगांसारखे काळे लांब धागे. "काढा," म्हटलं. दहा मिनिटांनी एकमेकांचे कागद बघायला लावले तेव्हा भांडण लागलं. निम्म्यांनी धाग्यांच्या तीन जोड्या काढल्या होत्या, निम्म्यांनी चार. एक मॅडम ठामपणे म्हणाल्या, "तीनच असतात, मी वर्गात शिकवलंय." त्या कोणत्या अळीबद्दल बोलत होत्या ते लक्षात आलं: रुईच्या पानावर मिळते ती. तिला तीनच जोड्या असतात. मी काही न बोलता भिंग दिलं. मॅडम उकिडव्या बसल्या, पेन्सिलीच्या टोकानं हवेत मोजलं: डोक्यामागं दोन, मग मधे एक, शेपटीकडं एक. चार. त्यांनी आपल्या चित्रात चौथी जोडी घातली आणि शेजारी लिहिलं, "रुईवरच्या अळीला ३. हिला ४. का?"

हे पान मला दिवसभरात मिळालेलं पहिलं खरं पान.

तेवढ्यात पलीकडच्या गटातून एका उत्साही सरांनी मोबाइलवर शोधून जाहीर केलं: "अळी कॉमन क्रो फुलपाखराची!" नाव बरोबर होतं. आणि त्या गटातल्या सातही जणांनी पेन्सिली खाली ठेवल्या. एकाचं चित्र अर्धं होतं, ते त्यानं तसंच सोडलं. दुसऱ्यानं चित्राखाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलं, अधोरेखित केलं आणि पॅड काखेत मारला.

माझं सगळं म्हणणं त्या सात पेन्सिलींपाशी येऊन थांबतं. नावाशी माझं वैर नाही. नावाशिवाय पुढचं वाचता येत नाही, विचारता येत नाही. पण वर्गात नाव लवकर आलं की धडा संपल्याची घंटा होते. गुरुजींना उत्तर येतं हा गुरुजींचा गुण, आणि ते तोंडाशी आलेलं उत्तर दहा मिनिटं गिळून धरणं हे या कामातलं अवघड कौशल्य. चित्र काढण्यापेक्षा अवघड. तसं मी त्या सरांना सरळ सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मॅडम, आमचा पगार उत्तरं द्यायचा आहे."

एका पानाच्या खाली कोष लोंबत होता, आरशासारखा चकचकीत, रुपेरी. शिक्षक त्याच्याभोवती इतके दाटले की मलाच तो दिसेना.

दुपारी १२.३०

विहीर. सुतळी बांधून झाली. नियम: पहिली दहा मिनिटं पेन्सिल नाही, बोलणं नाही. बोलणं थांबलं पण गुणगुणणं थांबेना. सुगरणीचा खोपा दिसला की मराठी शिक्षकाच्या घशात बहिणाबाई येणारच. दोन-तीन जणींनी सुरात धरलं, मग आपणच गप्प झाल्या.

मी मुद्दाम एकच खोपा नेमून दिला, विहिरीकडच्या खालच्या फांदीवरचा. तरी बऱ्याच जणांनी खाली लांब नळी असलेला, पुरा झालेला खोपा काढला. शाळेच्या काचेच्या कपाटात तसाच टांगलेला असतो ना. समोरचा अर्धा होता: उपडं शिरस्त्राण, आणि त्याच्या तोंडाशी आडवा, गवताचा जाड पट्टा. त्या पट्ट्यावर पिवळ्या डोक्याचा पक्षी पंख फडफडवत ओरडत होता. "नळी कुठंय?" मी विचारलं. एक सर म्हणाले, "असणार, मागच्या बाजूला." जाऊन बघायला सांगितलं, सुतळीच्या कडेकडेनं. आले आणि नळी खोडली. पुसायला काही नव्हतंच.

मग हळूहळू नोंदी यायला लागल्या. "डोकं पिवळं असलेला विणतोय." "चिमणीसारखा दिसणारा एक आला, पट्ट्यावर बसला, आत डोकावला, गेला." "चिमणीसारखा विणत नाही, बघून जातो." शेजारच्या खाचरात एका बाईंनी पिवळ्या डोक्याच्या पक्ष्याला भाताच्या पात्याला कडेला चोच मारून खाच पाडताना आणि मग ते टोक चोचीत धरून उडताना पाहिलं, पात्याची लांब चिंधी उभी फाटत निघाली. त्यांनी ते तीन चौकटींत काढलं. आकृत्या काड्यांच्या, पण काय झालं ते कोणालाही कळावं अशा.

वीसेक मिनिटांत सगळा गट एका ठिकाणी येऊन पोचला: विणणारा नर आहे, मादी पारख करायला येते. आणि लगेच कुजबुज. शेवटी एका तरुण शिक्षिकेनं विचारलंच, "मग खोपा आईनं टांगला म्हणणाऱ्या बहिणाबाई चुकल्या म्हणायचं का?" वयस्क गुरुजी, ते नक्षत्रवाले, जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "बहिणाबाईंना आईबद्दल बोलायचं होतं, पक्षिशास्त्र नव्हतं सांगायचं." दुसरे म्हणाले, "पण विणकाम त्यांनी पाहिलेलंच आहे, न पाहता असं लिहिता येत नाही." मी मधे पडले नाही. कवितेच्या तासाला नोंदवही न्यायची हे पटवायला इतका चांगला वाद मला एरवी पैसे देऊन मिळाला नसता.

वाद निवल्यावर सांगितलं: १९३० साली सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला होते, आणि पावसाळाभर सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवून त्यांनी हेच टिपलं. नर अर्धा खोपा विणतो, मादीला पसंत पडला तर पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. पुरा खोपा व्हायला साधारण अठरा दिवस लागतात, त्यातले आठेक या शिरस्त्राणापर्यंत. 'दुसऱ्या मादीसाठी' यावर मागून एक शेरा आला तो छापता येणार नाही.

बाभळीखाली एक जुना खोपा गळून पडला होता. हातोहात फिरला. आतल्या भिंतीला वाळलेल्या चिखलाचे गोळे होते. नक्षत्रवाल्या गुरुजींनी सांगितलं की सुगरण चिखलात काजवे चिकटवून रात्रीचा दिवा करते. ही गोष्ट जवळपास सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. "खोप्यात काजवा कोणी पाहिलाय?" कोणीच नाही. वाऱ्यात खोपा हेलकावू नये म्हणून वजन, असंही एक स्पष्टीकरण आहे, ते मी सांगितलं. दोन्ही गोष्टी पानावर गेल्या, काजव्याच्या पुढं प्रश्नचिन्ह टाकून.

दुपारी १.४५

डबे. भाकरी, पावट्याची उसळ, ठेचा, एकीकडं गौरीतल्या उरलेल्या करंज्या. जेवताना खरी परिषद भरते. "मॅडम, तुमचं सगळं छान, पण माझ्याकडं दोन शिक्षकी शाळा आहे, एका खोलीत पहिली ते तिसरी. कुठं बाहेर नेऊ?" "ऑनलाइन माहिती भरण्यातच शनिवार जातो." तक्रारी खऱ्या आहेत. मी त्यांच्यावर उपाय सांगत नाही. माझ्याकडं नाही. एवढंच म्हणते की बहुवर्गाच्या शाळेला ही वही जास्त मानवते. पहिलीचं मूल अळीचा रंग काढतं, तिसरीचं जोड्या मोजतं, अळी एकच पुरते.

मग फोटोंचा विषय. "काढायचं कशाला, फोटो काढला की झालं," असं एक सर म्हणाले. अमेरिकेतल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात एक प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला: ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्यांतलं त्यांना कमी आठवलं, ज्या नुसत्या पाहिल्या त्यांतलं जास्त. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा आठवण घटली नाही. हा दुसरा भाग मी कधी गाळत नाही, कारण शिक्षकाच्या हातातला मोबाइल काही सुटणार नाही. मग निदान अळीचा फोटो काढताना आधी तिचं एक शिंग निवडा, म्हणते.

दुपारी २.४५

पाऊस आला. पत्र्यावर असा की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. ठरवलेला आवाजांचा नकाशा (डोळे मिटून, कोणत्या दिशेनं काय ऐकू येतं ते कागदावर खुणेनं मांडायचं) रद्द. पाऊस जरा उतरल्यावर वर्गात गोल करून बसलो आणि ज्या प्रश्नासाठी शिक्षक खरं तर येतात तो घेतला: याला गुण कसे द्यायचे?

सकाळची चार पानं भिंतीला चिमट्यांनी लावली. एक फार सुबक, सावल्या टाकलेलं, पण अळीला डोळे आणि हसू दिलेलं. एक वेडंवाकडं, चार जोड्या, लांबी बोटाच्या पेरानं मोजलेली, दोन प्रश्न. "मुलाचं असतं तर कोणाला जास्त?" हात सुबक चित्राकडं गेले, मग थांबले. एक बाई म्हणाल्या, "वर्गात मी यालाच 'छान' दिलं असतं. आणि हे वेडंवाकडं काढणारं मूल परत काढायचं बंद झालं असतं." ठरलं ते असं: चित्र कसं आलं यावर शेरा नाहीच. शेरा द्यायचा तो काय पाहिलंय त्यावर. "तू पेरानं मोजलंस, बरं केलंस. पुढच्या आठवड्यात हीच अळी किती पेरं?" आकारिक मूल्यमापनाच्या वहीत असा शेरा बसतो. मी बसवून दाखवला.

पिशवीत दापोडीच्या बागेतल्या चित्रांच्या दोन छापील प्रती असतात. त्या इथं काढल्या. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते, आणि १८४७ ते १८५० च्या दरम्यान तिथल्या झाडांची चित्रं त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून करवून घेतली. चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही. चित्रं आज एडिंबराच्या बागेत जपून ठेवली आहेत. ही देखणी आहेत, पण भिंतीवर लावायला केलेली नव्हेत. झाड ओळखता यावं म्हणून केलेली. शिक्षकांनी दोन्ही प्रती उजेडाकडं धरून पानांचे देठ तपासले. अळीचं हसू काढणाऱ्या सरांनी आपला कागद हळूच उतरवून घेतला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा दप्तराविना दिवस, आनंददायी शनिवार, परिसर अभ्यासाचे तास: कागदोपत्री जागा भरपूर आहे. मला मात्र शिक्षकांना कोसबाडची आठवण द्यावीशी वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी तिथं कुरणशाळा चालवली, कारण मुलं गुरं चारायला जायची आणि शाळेत येणं त्यांना शक्य नव्हतं. शाळाच कुरणात गेली. त्यासाठी कोणाचं परिपत्रक निघालं नव्हतं.

दुपारी ४.००

पाऊस थांबला, सहावी-सातवीची मुलं थांबवून ठेवली होती. शिक्षकांना गटागटानं तीन-चार मुलं वाटून दिली. त्यांना तीन बंधनं: नाव सांगायचं नाही, "छान" म्हणायचं नाही, मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. मुलांना काहीच सांगावं लागलं नाही. ती कण्हेरीत घुसली.

एका मुलीनं रुपेरी कोष काढला आणि त्याच्या पोटावर एक छोटी चौकट. "हे काय?" तिच्या गुरुजींनी विचारलं. "वर्गाची खिडकी. त्यात दिसतीय." आम्ही सगळ्या मोठ्यांनी तो कोष सकाळी बघितला होता. मी भिंग घेऊन गेले. खरंच, कोषाच्या चकाकीत तांदळाएवढी खिडकी, उलटी वाकलेली.

आणि तो उत्साही सरांच्या गटातला मुलगा. घरी शेळ्या. त्यानं अळी काढली, चार जोड्या एका दमात बरोबर, आणि मग पेन्सिल कानाला लावून सरांना विचारलं: "सर, कण्हेरीला शेळी तोंड लावत नाही. मग ही कशी खाती?"

सरांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. त्यांना उत्तराचा निदान अर्धा भाग ठाऊक असणार. सकाळी मोबाइलवर त्यांनी ते पान उघडलं होतं. विष पचवायची या अळीची सोय असते, आणि पुढं होणारं फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं, म्हणून ते आरामात, सावकाश उडतं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. मग ते म्हणाले, "शेळी नाही खात. अजून कोण कोण नाही खात?"

"म्हैस नाही. गाढव नाही."

"गाढव कुठं पाहिलंस?"

"वडाऱ्यांचं. मागल्या साली पालं पडली तेव्हा."

"मग ही एकटीच खाते?"

"ही एकटीच दिसली. पण भोकं दोन तऱ्हेची हायती." आणि त्यानं दोन पानं दाखवली, एकाची कड सलग खाल्लेली, दुसऱ्याला मधोमध गोल भोकं. आमच्या तीस जणांच्या नजरेतून सुटलेली. सर जमिनीवर बसले. पंधरा मिनिटं त्या दोघांचं काय चाललं होतं ते मला ऐकू आलं नाही, कारण मी मुद्दाम लांब गेले होते. परत आले तेव्हा मुलाच्या कागदावर भोकांच्या दोन आकृत्या होत्या, सरांच्याही कागदावर होत्या, आणि सरांच्या पहिल्यांदाच पुऱ्या झालेल्या.

संध्याकाळी ५.१५

समारोप. अभिप्राय, आभार, पसायदान. एका झाडाकडं वर्षभर जायचं काम सगळ्यांना दिलं: दर आठवड्याला त्याच वारी, त्याच झाडाची पानं, फुलं, फळं किती. देशभर शाळांतली मुलं 'सीझनवॉच' या उपक्रमात अशा नोंदी करतात. ज्यांना जमेल त्यांनी त्यात पाठवाव्यात, बाकीच्यांनी वहीत ठेवाव्यात. बहुतेकांनी फाटकाशी असलेली चिंच घेतली. आपल्या शाळेत कोणतं झाड आहे ते नीट आठवेना, म्हणून असावं. उद्या जाऊन बघतील.

रात्री ८.४५

घरी. पेन्सिली मोजल्या, कमी भरल्या; नेहमीच भरतात. चिमटे तारेवर. भिंगांना कण्हेरीचा चीक लागला होता तो पुसला.

केंद्रप्रमुख साहेबांचा मेसेज: अहवाल विहित नमुन्यात आजच पाठवावा, सोबत पाच छायाचित्रे. नमुन्यात 'फलनिष्पत्ती' असा एक रकाना आहे. त्यात शेळीचा प्रश्न लिहिला, मुलानं विचारला तसा, अक्षर बारीक करून. फोटो पाठवले तर दहा मिनिटांत फोन. "मॅडम, यात सगळ्यांच्या पाठी दिसतायत, नाहीतर टाळू. कोण आलंय तेच कळत नाही. चेहरे दिसणारे नाहीत का?"

शोधले. चेहरे दिसणारा एकच निघाला, सकाळच्या सत्काराचा. तो जोडला.